काय दिसलं ते सांगून जा

आमच्या वन उद्यानात आत कुणीही जाऊ शकतं, पण बाहेर पडणं महाकठीण! कारण फाटकाशी गणूकाका उभे असतात, हात आडवा धरून. "थांबा थांबा. काय दिसलं त्ये सांगा, मंग जावा."

लोकांना वाटतं हा सरकारी नियमच आहे. ठाण्याहून आलेले एक साहेब घाबरून म्हणाले, "आम्ही काही तोडलं नाही हो."

"तोडलं नाय त्ये बरं केलं. दिसलं काय?"

साहेब आठवत बसले. "माकड."

"काय करत व्हतं?"

"बसलं होतं."

"कुनाकडं बघत?"

साहेबांना घाम! शेवटी बिचारे परत आत गेले, माकड नीट बघायला. खरंच सांगते, मी तिथेच होते. या उद्यानाच्या स्वागत केंद्रात मी टेबलावर बसते, नकाशे देते आणि शौचालय कुठे आहे ते सांगते. जास्त करून शौचालयच.

काका दहिवलीचे. सगळी नोकरी खालापूरच्या टोलनाक्यावर, खिडकीत बसून. "यवढी मानसं म्होरनं गेली गं, पन एकानं सांगितलं नाय कुठनं आला, काय बघून आला. काच वर, की सुटला!" ती सगळी कसर ते आता आमच्या पाहुण्यांकडून भरून काढतात.

आणि गंमत म्हणजे काका स्वतः कधी आत गेलेलेच नाहीत! फाटकाच्या पुढे एक पाऊल नाही. सगळं रान त्यांना ऐकून पाठ. वर काय बघण्यासारखं आहे, असं कुणी विचारलं की सुरू, "वड्याच्या पल्याड डोंबिवलीच्या एका बाईंना खंड्या दिसला. निळा यवढा, का तसली साडी घ्यावी वाटली, आसं बोलल्या. तुमी बघा, जमतंय का."

एकदा लोधिवलीच्या पोरांनी मस्करीत सांगितलं, वाघ दिसला. काकांनी तोही पुढे पोचवला! दुसऱ्या दिवशी अख्खी सहल फाटकातूनच माघारी. उद्यानाचे आमचे साहेब चिडले, "काका, इथे वाघ नाही हो!"

"मला काय ठाव? मानसं सांगतात त्ये मी सांगतो." मग हळूच माझ्याकडे वळून, "पन दिसला चांगला व्हता गं. पानी पीत व्हता."

मग यंदा कारवी फुलली. ही झुडपं सात वर्षं नुसती हिरवी उभी असतात, मग एकदाच फुलतात आणि वाळून जातात. वरचा सगळा उतार जांभळा झाला, धुक्यात तर उतार कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना. माणसं खाली यायची ती अर्धी झोपेत असल्यासारखी. काकांनी हात आडवा धरला की म्हणायची, "जांभळं..." एवढंच.

"जांभळं म्हंजी कसं?"

कुणालाच सांगता येईना. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "डोळे जोरात चोळले ना काका, की दिसतं तसं." त्या दिवशी दुपारभर काका स्टुलावर बसून डोळे चोळत होते!

फुलं गळायला लागली तेव्हा मी मागेच लागले. "काका, जा ना एकदा. आता संपेल सगळं."

"गुडघा धरतो."

"चढ अगदी सोपा आहे."

"फाटक कोन बघंल?"

"मी!"

काका स्टुलावर बसले. टोपी काढली, परत घातली. "आमची मालकीन रोज रानात जायाची, भाजीपाल्याला. मी ड्यूटीवरनं आलो का भाकर वाढता वाढता सांगायची, आज ह्ये दिसलं, आज त्ये दिसलं. मागल्या बारीला कारवी फुलली तवा बोलली, आवो, चला की. मी बोललो, तू सांग, तुझं ऐकलं का मला दिसतंच. पुढल्या बारीला जाऊ."

मग म्हणाले, "आता पुढली बारी आली. मी एकटा बघून आलो, तर घरी जाऊन सांगू कुनाला गं?"

मी टेबलाशी जाऊन नकाशे लावत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. माझ्याकडे बघितलंही नाही. "फाटक बघ गं," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

केंद्रात पाहुण्यांसाठी एक दुर्बीण आहे. मला राहवलं नाही. धुकं हळूहळू सरकत होतं, जांभळं मधेच दिसायचं, मधेच पुसलं जायचं, आणि त्यात काकांचा शर्ट. वरची वाट चांगली रुंद आहे, पण काका अगदी कडेने चालले होते, फुलं खांद्याला घासत, बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडून. थोडं चालायचे, थांबायचे. आणि त्या मोकळ्या जागेकडे मान वाकडी करून उभे राहायचे, अगदी कान देऊन.

मी दुर्बीण खाली ठेवली.