पंचमीचे मोमो

वैजयंतीने कोबीचा गड्डा पाटावर ठेवला आणि सुरी उचलली, तोच मागून सासूबाईंचा आवाज कडाडला, "वैजू, सुरी खाली ठिव!"

वैजयंती एवढी दचकली की सुरी हातातून सुटलीच. बजाबाई सकाळच्या एसटीने मोडनिंबहून सणाला आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बैठक मारली होती.

"आज पंचमी हाय. आज चिरत न्हाईत, कापत न्हाईत, तवा ठिवत न्हाईत. हाफिसात जायला लागलीस म्हून समदं इसरलीस व्हय?"

"तवा कुठे ठेवतेय आई? मोमो उकडायचे असतात. पंचमीला उकडलेलं चालतं, म्हणून तर मुद्दाम आजचा दिवस धरला."

"मग उकड की. चिरू नगं."

झाली का पंचाईत! आणि माघार घ्यायची तर सोय नव्हती. वैजयंतीचा आठवीतला अजिंक्य रोज क्लास सुटला की चौकातल्या शिवूच्या गाड्यावर मोमो हाणायचा आणि घरी येऊन भाकरीकडे बघून नाक मुरडायचा. महिनाभर तिने तोंडाची वाफ दवडली. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी पैज लागली. घरचे मोमो सरस ठरले तर गाडा कायमचा बंद, आणि गाड्यावरचे सरस ठरले तर वैजयंतीने जन्मात त्या गाड्याचं नाव काढायचं नाही. निवाडा आजीने करायचा, कारण बजाबाई कुणाची भीडभाड ठेवत नाहीत हे अख्ख्या भावकीला ठाऊक होतं. वैजयंतीला वाटलं होतं, कितीही झालं तरी घरचं माणूस आहे, गाड्याच्या बाजूने थोडंच जाणार?

"बरं, किसते मग," ती म्हणाली.

"किसणी म्हंजे बारक्या बारक्या सुऱ्याच की."

"मिक्सरमधून काढते."

"त्यात काय मोरपिसं हायत व्हय? पातीच की."

"आई, मग कोबी आख्खा भरू का मोमोत?"

"हातानं तोड. देवानं धा बोटं कशाला दिल्यात?"

वैजयंती दात-ओठ खात कोबी फाडू लागली. एकेक तुकडा एसटीच्या तिकिटाएवढा निघत होता. गाजरं काही हाताने फाटेनात, तेव्हा ती कुकरला लावली. तीन शिट्ट्यांत त्यांचं असं खिमट झालं की दात न आलेल्या बाळाला भरवावं. राहिला कांदा.

"कांदा बुक्कीनं फोडल्याला चालतोय," बजाबाईंनी सवलत दिली. "रानात काय सुरी घिऊन बसतोय व्हय आपुन?"

"अहो, पेपर काय वाचताय? इकडे या!" वैजयंतीने नवऱ्याला हाक मारली.

अमृतराव बाह्या सावरत आले. पहिल्या बुक्कीला कांदा सटकून फ्रिजखाली गेला. दुसऱ्या बुक्कीला फुटला, पण रस थेट त्यांच्या डोळ्यात. तिसऱ्या कांद्याच्या वेळी त्यांना कांदा दिसेना आणि बुक्की परातीच्या काठावर बसली. मग ते हात धरून हॉलमध्ये गेले ते गेलेच.

"आई, शिवूच्या गाड्यावर किती पटकन होतं सगळं," अजिंक्य दारातून म्हणाला.

"तू जा बघू इथून! नाहीतर तुलाच उकडीन!"

तिने मोठी पोळी लाटली आणि गोल पाऱ्या पाडायला वाटी उपडी घातली.

"वाटीनं कापतीयास व्हय?"

वैजयंतीने वाटी सिंकमध्ये आदळली आणि एकेक पारी वेगळी लाटायला घेतली. मोमो भरून झाले, आता चाळणीवर ठेवायचे एवढंच. पण चाळणीवर आधीच बजाबाईंची पुरणाची दिंडं ऐसपैस पसरली होती. आधी दिंडं, मग नैवेद्य, मग बाकीचं. त्याला इलाज नव्हता. तोवर कोबीला मिठाचं पाणी सुटलं, मोमोंची बुडं भिजली आणि सगळे एकमेकांना असे बिलगले की सुटता सुटेनात. नैवेद्य झाल्यावर ते चाळणीत गेले आणि वाफ आल्यावर वर काढताना अर्धे वर आले, अर्धे चाळणीलाच राहिले. वैजयंतीला रडावं की चाळणी गॅलरीतून फेकावी कळेना.

एवढ्यात अजिंक्य शिवूकडून पार्सल घेऊन आला. पांढरेशुभ्र, चुण्याचुण्यांचे, गरमागरम. बजाबाई पाटावर बसल्या आणि दोन्ही ताटल्या पुढे आल्या.

आधी त्यांनी सुनेचा मोमो उचलला. तो मधेच सुटला, त्यातून कोबीचं एक तिकीट बाहेर आलं, ते त्यांनी बोटाने आत सारलं आणि घास कसाबसा गिळला.

"कसा आहे, आई?"

"मीठ हाय," बजाबाई म्हणाल्या.

मग शिवूचा एक घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला हात गेला तशी वैजयंती पुढे सरसावली. ही पैज गेली तर हा पोरगा रोज संध्याकाळी गाड्यावर, आणि आपल्याला चकार शब्द काढायची चोरी! तिने हुकमाचं पान टाकलं.

"आई, नुसत्या चवीवर जाऊ नका! ह्याला विचारा, तो शिवू भाजी कधी चिरतो. सांग रे खरं!"

अजिंक्यने मान खाली घातली. "आदल्या दिवशीच चिरून ठेवतो. आजची काल चिरली होती, मी बघितलंय."

"ऐकलंत? शिळं! कालचं शिळं पोराच्या पोटात घालतो मेला!"

बजाबाईंचा हात थांबला. त्यांनी ताटलीकडे नीट पाहिलं. "म्हंजे आज त्येनं सुरीला हातच लावला न्हाय?"

"नाही आजी. आज नुसतं भरतोय आणि उकडतोय."

"बघ वैजू!" बजाबाईंचा चेहरा उजळला. "पंचमीचं आदल्या दिशीच चिरून ठिवायचं आसतंय. गाड्यावरचं प्वार, पर रीत पाळतंय. आन् आमच्या घरात सकाळधरनं सुरी, वाटी, मिक्सर!"

"अहो आई, तो काय पंचमी पाळतोय? त्या गाड्याव..."

"आई, पैज!" अजिंक्य ओरडला. "आजी, निकाल सांग की आधी!"

"गाडा," बजाबाई म्हणाल्या आणि तिसरा मोमो तोंडात टाकला. "जा बाळा, आजून एक पलेट घिऊन ये. आन् वैजू, सणाचं हाय, त्येच्याकडं मोकळ्या हातानं धाडू नगं पोराला. चार दिंडं घाल डब्यात."

वैजयंतीने तोंड उघडलं, अजिंक्यकडे पाहिलं आणि मिटलं. मग तिने डबा काढला आणि मुकाट्याने शिवूसाठी चार दिंडं भरली.

"तूप घाल की वरनं," बजाबाई म्हणाल्या. "लई कोरडी दिसत्यात."

तिने तूपही घातलं.