पाच खुनी आणि चष्मेवाले

रविवारी सकाळी ग्रंथपालबाईंनी नवऱ्याला उठवायला तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. शेवटी त्यांनी पांघरूण ओढलं, तेव्हा कुठे चष्मेवाले जागे झाले. बायकोचे ओठ हलताहेत पण आवाज येत नाही, हे पाहून ते स्वतःचेच कान चोळू लागले.

"अगं, मला ऐकू येईनासं झालंय!" ते घाबरून ओरडले, आणि स्वतःचं ओरडणं स्वच्छ ऐकू आल्यावर जरा शांत झाले.

शेजारच्या डॉक्टरांनी बाईंच्या घशात बॅटरी मारून पाहिलं. "तीन दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही," असं बजावून ते गेले. त्या वेळी चष्मेवाल्यांच्या मनात क्षणभर जी भावना येऊन गेली, ती त्यांनी चेहऱ्यावर उमटू दिली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस तेवढं शिकतोच.

पण बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. कारण आज 'वाचकांचा रविवार' होता. दर महिन्याला एका रविवारी वाचनालयाच्या दालनात बाई उभ्या राहायच्या आणि नव्या आलेल्या पुस्तकांबद्दल बोलायच्या. कोणती रहस्यकथा झोप उडवेल, कोणती ऐतिहासिक कादंबरी सावकाश वाचावी, कोणती थरारकथा दूध तापत ठेवून मुळीच हातात घेऊ नये, हे त्या अशा रंगवून सांगायच्या की लोक खुर्च्यांवरून उठून थेट कपाटाकडे जायचे. आता मात्र वाचनालयाला नवे अध्यक्ष आले होते. ते दातांचे डॉक्टर होते आणि जे हलतं ते काढून टाकावं, असं त्यांचं एकूण धोरण होतं. "आजच्या रविवारी नवी पुस्तकं उचलली गेली नाहीत, तर हा प्रकार बंद," त्यांनी सांगून टाकलं होतं. "दालन वजन कमी करण्याच्या वर्गाला देऊ. त्यांची मागणी आलेली आहे."

बाईंनी कागद ओढला आणि भराभर लिहायला घेतलं. चष्मेवाल्यांनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"लिहितेस कशाला? मी बोलतो ना! तिन्ही पुस्तकं मला तोंडपाठ आहेत. रोज जेवताना ऐकतो, ते काय कान बंद करून?"

बाईंनी जोरजोरात मान हलवली. चष्मेवाल्यांना वाटलं, बायको भारावून गेली आहे.

त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना वाचता यावं म्हणून काचा घासल्या, पण स्वतः पुस्तक म्हणून कधी उघडलं नव्हतं. उघडायची गरजच पडली नव्हती. बाई वाचलेलं प्रत्येक पुस्तक जेवताना त्यांना सांगत. अडचण एकच होती. दिवसभर दुकानात उभं राहून आलेला हा गृहस्थ दुसऱ्या घासापासून पेंगायला लागायचा. म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. त्या शेवटापासून सुरुवात करायच्या. "खून कुणी केला माहितेय का?" असं म्हणून एकदम नावच सांगायच्या, की चष्मेवाल्यांचे डोळे उघडायचे. मग हळूहळू मागे येत येत, ताट उचलायच्या वेळी त्या पहिल्या पानावर पोचायच्या. त्यामुळे पुस्तक सांगायचं ते असंच सांगायचं, अशी चष्मेवाल्यांची प्रामाणिक समजूत होती.

दालन गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत जजसाहेब होते. निवृत्त झाल्यापासून ते फक्त रहस्यकथा वाचत आणि अर्ध्यावर यायच्या आत आरोपी ओळखत, निदान तसं सांगत तरी. त्यांच्या शेजारी इतिहासाच्या बाई होत्या. त्या ऐतिहासिक कादंबऱ्या हातात पेन्सिल घेऊनच वाचायच्या आणि लेखकाच्या चुका समासात मांडून ठेवायच्या. पलीकडे रुग्णालयातल्या सिस्टर. दिवसभर खरे जीव वाचवून झाल्यावर त्यांना घरी जाऊन थरारकथेतले जीव टांगणीला लागलेले बघायचे असत. कोपऱ्यात अध्यक्ष हाताची घडी घालून बसले होते. आणि अगदी मध्यभागी, गळ्याला जाड मफलर गुंडाळून, ग्रंथपालबाई.

चष्मेवाल्यांनी पहिलं पुस्तक उचललं आणि घसा साफ केला.

"नमस्कार. ही नवी रहस्यकथा. फार म्हणजे फारच सुंदर. यात त्या गिरणीमालकाचा खून त्याच्या सख्ख्या बहिणीने केलाय."

जजसाहेबांच्या हातातून पेन पडलं. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

बाईंनी दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. चष्मेवाल्यांची नजर त्यांच्याकडेच होती. काहीतरी चुकलं, एवढं त्यांच्या लक्षात आलं. बहीण नसावी.

"थांबा, थांबा. चुकलो. बहीण नव्हे. माळी! माळ्याने केलाय खून."

बाई दोन्ही हात हवेत हलवून 'बास, बास' करू लागल्या.

"माळीपण नाही? मग ड्रायव्हर असेल. हो, ड्रायव्हरच."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "बाई, खाली बसा हो, दिसत नाही!" असा मागून गिल्ला झाला आणि कुणीतरी त्यांना खांदे धरून बसवलं. चष्मेवाल्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घाईघाईने वकिलाचं नाव घेतलं, मग घरच्या डॉक्टरांचं. पाचव्या खुन्यापर्यंत आल्यावर बाईंनी डोळेच मिटून घेतले. डोळे मिटले म्हणजे उत्तर बरोबर आलं, असा अर्थ काढून चष्मेवाल्यांनी पुस्तक खाली ठेवलं.

"अहो, पण एका माणसाला मारायला माणसं किती लागली?" जजसाहेब गरजले. "हा खून आहे की सामुदायिक कार्यक्रम?"

"साहेब, नक्की कुणीतरी एकानेच केलाय," चष्मेवाले काकुळतीला येऊन म्हणाले. "मेलाय एवढं खात्रीने सांगतो."

सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. अध्यक्षांनी खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी टिपलं. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं. बायकोने इतक्या वर्षांत काडी काडी करून जमवलेला हा रविवार आपण पाच मिनिटांत बुडवला, हे त्यांना आता कळलं. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना. निदान दुसरं पुस्तक तरी नीट सांगू, म्हणून त्यांनी ऐतिहासिक कादंबरी उचलली. इतिहासाचा शेवट सगळ्यांना ठाऊकच असतो, तो फोडायची भीती नाही, एवढाच काय तो आधार होता.

"यात एक राणी आहे. शूर. फार शूर. राजवाड्याला शत्रूचा वेढा पडलेला असतो. आणि तळघरात बॉम्ब लावलेला असतो."

"काय लावलेला असतो?" इतिहासाच्या बाईंनी पेन्सिल वर केली.

"बॉम्ब. लाल वायर कापायची की निळी, ते राणीला कळत नाही."

"चारशे वर्षांपूर्वी? वायर?"

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे गेल्या आठवड्यातली दोन जेवणं उभी राहिली आणि एकमेकांत मिसळली. एका जेवणात राणी होती, एकात बॉम्ब होता, हे नक्की. पण कशात काय, ते काही केल्या आठवेना.

"मग बॉम्ब त्या दुसऱ्या पुस्तकात असेल," त्यांनी थरारकथेकडे बोट दाखवलं.

"आणि मग थरारकथेतली राणी?" सिस्टरनी विचारलं.

"तीही असेलच. कुठे जाणार?"

आता मात्र दालन फुटलं. लोक हसून हसून खुर्च्यांवर आडवे झाले. चष्मेवाल्यांनी टेबलाला धरून मान खाली घातली आणि हात जोडले.

"मंडळी, मला माफ करा. मी पुस्तकं वाचत नाही. ही सांगते तेवढंच मला ठाऊक. तिने सांगितलं की चांगलं वाटतं, मी सांगितलं की असं होतं. माझ्यामुळे तिचा रविवार बंद करू नका."

एवढं बोलून ते कोपऱ्यात जाऊन बसले. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. पुढच्या रांगेत वादाला तोंड फुटलं होतं.

"बहीणच असणार," सिस्टर म्हणाल्या. "पहिलं नाव काकांच्या तोंडून आपसूक आलं. नंतरची सगळी भीतीपोटी."

"छे!" जजसाहेब म्हणाले. "साक्षीदार गोंधळलेला आहे, पण खोटारडा नाही. तो माळ्यापाशी किंचित थांबला. मी पाहिलं. पुस्तक इकडे द्या, आठवड्यात निकाल लावतो."

"आधी मी नेणार!"

"सिस्टर, तुम्ही थरारकथा न्या. त्यात राणी आहे का बघून सांगा."

"राजवाड्यात वायर निघाली ना, तर लेखकाला मी सोडणार नाही," असं म्हणत इतिहासाच्या बाईंनी ऐतिहासिक कादंबरी केव्हाच बगलेत मारली होती. रहस्यकथेसाठी ओढाताण सुरू झाली. शेवटी जजसाहेबांच्या वयाचा मान राखून पुस्तक त्यांना मिळालं आणि मागे नाव लावायला ही झुंबड उडाली. अध्यक्ष उठले, तेव्हा चष्मेवाल्यांनी श्वास रोखला. अध्यक्ष सरळ टेबलापाशी गेले.

"माझंही नाव लिहा," ते हळूच म्हणाले. "मला त्या डॉक्टरचा संशय आहे. आमच्यातले लोक मी ओळखून आहे." आणि जाता जाता ग्रंथपालबाईंना म्हणाले, "पुढचा रविवार घ्या बरं का. वजनवाले करतील कुठेतरी कमी."

घरी परतताना बाई गप्पच होत्या. त्यांना दुसरा इलाजही नव्हता, पण चष्मेवाल्यांना वाटलं, ही गप्प बसण्याची जात वेगळी आहे. त्यांनी दोनदा माफी मागितली. बाईंनी दोन्ही वेळा कागद पुढे ओढला आणि काही न लिहिताच बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी जजसाहेब दुकानात आले. चष्म्याची काडी सैल झाली होती आणि चेहरा फुलला होता.

"वाचलं! एका बैठकीत वाचलं. काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं रहस्यकथा वाचतोय, पण अशी गंमत कधी आली नव्हती. पाच जणांवर नजर ठेवून होतो मी. पाच! आणि शेवटी पाचही निर्दोष!"

"पाचही?" चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू निसटला. "बहीणसुद्धा?"

"बहिणीसारखी साधी बाई शोधून सापडायची नाही. तुमचे उपकार आहेत हो. मला आरोपी ओळखता आला नाही, याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता."

चष्मेवाले चक्रावून गेले. माळी, ड्रायव्हर, वकील, डॉक्टर यांना त्यांनी स्वतःच घाबरून खुनी ठरवलं होतं, ते सुटले ते ठीक. पण बहीण? बहीण तर बायकोने स्वतः सांगितली होती, पहिल्या घासाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा आवाज परत आला. थोडा घोगरा होता, पण होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मला लिहून सांगायचं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडलेत माझ्यासाठी. मला इतकं भरून आलं होतं. थँक्यू."

चष्मेवाल्यांना अवघडल्यासारखं झालं. हा शब्द त्यांच्या घरात फारसा वापरात नव्हता.

"ते असू दे. आधी सांग, बहिणीने खून केलाच नाही?"

बाई लाजल्या. "नाही."

"मग मला का सांगितलंस?"

"मी तुम्हाला कधीच खरा शेवट सांगत नाही. तुम्ही जागे राहावं म्हणून सुरुवातीला काहीतरी सांगायला लागतं, म्हणून कुणाचं तरी नाव ठोकून देते. खरा राखून ठेवते."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. कधीतरी तुम्ही स्वतः वाचाल, तेव्हा मजा जायला नको ना!"

लग्न झाल्यापासून आजवर ही बाई आपल्यासाठी एकेक शेवट सांभाळून ठेवतेय, आणि आपण मात्र समोर बसून पेंगलो. चष्मेवाल्यांनी दुकानाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जजसाहेबांनी रहस्यकथा परत केली होती आणि नंबर सिस्टरचा होता. चष्मेवाल्यांना रांगेत बघून त्या बाजूला झाल्या.

"काका, आधी तुम्ही न्या. तुमच्यामुळे आमचा रविवार राहिला. मी थांबेन."

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर बाईंनी सवयीने सुरुवात केली. "आज एक नवीन आलंय, त्यात खून कुणी केला माहितेय—"

"सांगू नकोस!" चष्मेवाल्यांनी डाव्या हाताने पुस्तक ताटाला टेकवून उभं धरलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "एक अक्षर बोलू नकोस. मी मध्यावर आलोय."

बाई गप्प बसल्या. तीन दिवसांनी परत आलेला आवाज घेऊन त्या जेवणभर तशाच गप्प बसून राहिल्या. ताटातलं निवून चाललं होतं, पण चष्मेवाले पेंगत नव्हते. मध्येच त्यांनी पान उलटलं, भुवया वर केल्या आणि बायकोकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, मला हा बंगल्यावर दूध घालणारा बरोबर वाटत नाही. तुला काय वाटतं?"

बाईंनी घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.