बाबांचा रेकॉर्डर आणि बारा व्होल्ट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अडॅप्टर या विषयात आमच्या घरात माझा शब्द शेवटचा! तीस वर्षांत मी एकही अडॅप्टर टाकलेला नाही. यंत्रं भंगारात गेली, त्यांचे अडॅप्टर मात्र बुटांच्या खोक्यात एकमेकांच्या गळ्यात गळे घालून सुखाने नांदताहेत. बायको त्या खोक्याला सापांची टोपली म्हणते. अज्ञान, दुसरं काय!

तर परवा आईला कपाटात बाबांचा छोटा रेकॉर्डर सापडला. बाबा जमीनमोजणी करायचे. दिवसभराच्या नोंदी ते मुठीत मावणाऱ्या या यंत्रात बोलून ठेवत आणि संध्याकाळी आई त्या ऐकून वहीत उतरवून घेई. आत काडेपेटीपेक्षाही लहान कॅसेट तशीच होती. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"एकदा आवाज ऐकव रे त्यांचा," आई एवढंच म्हणाली. तिने माझ्याकडे आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही.

असली कॅसेट दुसऱ्या कशातच बसत नाही, म्हणजे सगळी भिस्त त्या रेकॉर्डरवर. मी खोकं आणलं. आई म्हणाली, ते बहुतेक यात सेल घालायचे. मी तिला समजावलं की सेलच्या झाकणावर बाबांनीच चिकटपट्टी लावलीय, अर्थात ती बाजू मोडकी आहे. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाशी वाद घालणं तिने केव्हाच सोडलंय.

यंत्रावरचे आकडे पुसट झाले होते, पण माझी पद्धत सोपी. पिन बसली की सोयरीक जमली! पहिली सैल, दुसरी जाडी, सातवी मात्र अशी बसली की जणू माहेरी आली. बटण दाबलं. लाल दिवा लागला, आणि असा झगझगीत लागला की आईचा चेहराही उजळला. मग पिनेच्या भोकातून धुराची बारीक रेघ निघाली आणि दिवा विझला. मी अडॅप्टर उलटा करून वाचला. बारा व्होल्ट. आईने यंत्र उचलून पदराने पुसलं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाल्या काकांनी यंत्र हुंगलं.

"किती लावले?"

"बारा."

"याला तीन लागतात," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी आईला खुर्ची दिली.

उघडल्यावर कळलं की अडॅप्टरची बाजू तेवढी जळली होती. सेलची बाजू ठणठणीत होती, झाकणाची फक्त खिट्टी तुटलेली. काकांनी पट्टी सोलली, दोन सेल घातले, तीच पट्टी पुन्हा चिकटवली.

आधी खरखर. मग बाबा! पूर्वेची हद्द, खांबापासून बेचाळीस मीटर. लहानपणी मी अभ्यासाला बसलो की शेजारच्या खोलीतून हाच आवाज यायचा आणि आई यंत्रालाच "थांबा हो जरा," म्हणायची.

"आणखी एक नोंद," बाबा म्हणाले. "चिरंजीवांनी याचा अडॅप्टर उघडून पाहिला. आता तो मिटत नाही. इथून पुढे सेल. रागावलो नाही. शिकेल हळूहळू."

काकांनी तोंड फिरवलं. आई डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"मागे ने," ती म्हणाली. "शेवटचं पुन्हा ऐकू दे."

चार वेळा ऐकलं. चारही वेळा मी शिकणारच होतो.