बरणीच्या तळाची हाक

वडगावच्या चर्चमध्ये बायकांच्या वरच्या पट्टीतली गाणी तीन मिशीवाले पुरुष गातात, कारण तिथल्या तीन बायका मरताना आपापला आवाज मंडळीला देणगी देऊन गेल्या. पहिला दिला सत्त्वशीलाबाई पारधे यांनी. बाळंतपणं करून करून म्हातारी झालेली नर्स. कुणी पंखा देतं, कुणी बाक देतं, बाईंनी आवाज दिला. मंडळीने तो चिनी मातीच्या बरणीत भरला आणि बरणीवर रंगाने लिहिलं, ‘कै. सत्त्वशीलाबाई यांच्या स्मरणार्थ’.

हे आवाज आधी बायकांनाच देऊन पाहिले होते. पण एका गळ्यात दोन आवाज नांदत नाहीत, आणि बायकांचा स्वतःचा आवाज जागा सोडायला तयार होईना. पुरुषांचा आवाज मुळात आळशी. ‘जरा बरणीत पड’ म्हटलं की पडून राहतो. म्हणून उपासनेआधी बरणी उघडायची, बाईंचा आवाज श्वासाबरोबर आत ओढायचा, हुंकार देऊन आपला आवाज बरणीत सोडायचा आणि झाकण लावायचं. उपासना संपली की उलट.

सत्त्वशीलाबाईंचा आवाज सिलास अमोलिककडे होता. सिलासची पिठाची गिरणी. भुवयांवर कायम पीठ, आणि स्वतःचा आवाज असा जाडाभरडा की पट्टा फिरत असतानाही पार रस्त्यापलीकडे ऐकू जावा. पण बाईंचा आवाज लावून तो वरचा स्वर धरायचा, तेव्हा मागच्या बाकावरचे पेंगणारेसुद्धा सावरून बसायचे. गाऊन झालं की तो दर वेळी बरणीला हात जोडायचा. फार ऋण मानायचा बिचारा.

आता त्या ईस्टरला चूक कशी झाली ते सांगायला हवं, नाहीतर लोक मार्थाबाई ससाण्यांना उगाच बोल लावतात. लावावेतच, पण नीट लावावेत. वडगावच्या मंडळीत नाव नसलेलं भांडंच नाही. पातेलं कुणाच्या तरी स्मरणार्थ, झारा कुणाच्या तरी स्मरणार्थ, लोणच्याची बरणीही कुणाच्या तरी स्मरणार्थ. उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं, आणि सिलासने अजून आवाज बदलून घेतला नव्हता. मार्थाबाई घाईघाईने आत आल्या, नावाची बरणी दिसली, उचलली. आत तपकिरी, दाटसर काहीतरी होतं. पुरुषाचा आवाज मुरला की अगदी खारासारखा दिसतो. त्यांना वाटलं, फोडी संपल्या, खार उरलाय. पंक्तीत त्यांनी तो चमचा चमचा वाढला आणि शेवटी स्वतः भाकरीच्या तुकड्याने बरणी तळापर्यंत पुसून घेतली. अन्न टाकायचं नाही ही त्यांची शिस्त.

हात धुताना पाळक घाटविसावे शेजारच्याला म्हणाले, “जाडं दळू की बारीक?” आणि स्वतःच दचकले.

मग कळलं. तेवढ्यात सिलास रिकामी बरणी उपडी धरून आला.

कमिटी तिथेच लिंबाखाली बसली.

“परत मिळेल का?” सिलासने सत्त्वशीलाबाईंच्या बारीक, गोड आवाजात विचारलं.

“प्रीतिभोजनात वाढलेलं परत घेत नाहीत. तसा रिवाज नाही,” गायकांचे प्रमुख बोर्डे मास्तर म्हणाले, आणि पोट धरून हसले. मास्तरांना जन्मात कुणी हसताना पाहिलं नव्हतं. “माफ करा. हे माझं नाही.”

“माझंच आहे, मास्तर. ओळखलं मी,” सिलास म्हणाला.

कमिटीने बारकाईने विचारपूस केली. आवाज लोणच्यासारखाच थरावर थर बसतो असं निघालं. पहिल्या पानांवर वरचा थर गेला, त्यांना गिरणीतलं रोजचं बोलणं आलं. मधल्यांना सिलासचं रागावणं, हसणं, खोकणं. जुनं ते खाली. तळाचं कुणाला गेलं, असं पाळकांनी विचारलं तेव्हा कुणीच बोललं नाही. मार्थाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून गप्प उभ्या होत्या. लोकांनी त्यांना एवढं ऐकवलं, तरी ब्र नाही. मार्थाबाई उलट बोलल्या नाहीत असं वडगावात पहिल्यांदाच घडत होतं.

“गाण्याचं काही नाही, साहेब, गिरणीचंही नाही,” सिलास म्हणाला. “आईचं काय करू?”

सिलासची आई नामीबाई गिरणीच्या मागच्या खोलीत असायची. डोळे गेलेले, पाय थकलेले. ताट समोर ठेवून सिलास सांगायचा, ‘आये, ही भाकरी, ही भाजी, इथं उजवीकडं पाणी.’ मग ती हात पुढे करायची. दुसऱ्या कुणी सांगितलेलं तिला पटत नसे. ‘आये’ ही हाक तेवढी लहानपणापासून तीच होती. ईस्टरचा उपास सोडायला ती सकाळपासून त्याची वाट बघत होती.

सिलास घरी जाऊन आला. घाम पुसत म्हणाला, “मी म्हटलं, आये, जेव. तर म्हणते, ‘अगं सत्त्वशीले, तू होय? लई दिसांनी आलीस. बस. माझा सिलास येऊ दे, मग जेवते.’”

बाई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण नामीबाईंचा त्यावर काही आक्षेप नव्हता.

पाळक उठले. “आवाज परत देता येत नाही, पण नेता येतो. ज्याने ज्याने त्या बरणीतलं खाल्लं, त्याने अमोलिकांच्या अंगणात यावं. कुणाचा विरोध?”

कुणाचाच नव्हता. एकजण फक्त खोकला. तो खोकलाही सिलासचाच होता.

सगळी पंगत चालत गिरणीमागे गेली. अंगणात जिथे जागा मिळेल तिथे बसली. सिलासने आईला बाहेर आणून बाजेवर बसवलं आणि ताट पुढे ठेवलं.

“ही भाकरी,” ओट्यावरून पाळक म्हणाले. आवाज अगदी सिलासचा, कालपरवाचा.

“भाजी गरम हाय, जपून,” भिंतीच्या बाजूने कुणीतरी म्हणालं.

“उजवीकडं पाणी,” दारातून कुणीतरी. बोर्डे मास्तर हसले.

नामीबाई मान वळवून वळवून ऐकत राहिल्या. “आज किती ठिकाणी बसलायस रे, सिलास?” पण हात मांडीवरून हलला नाही. “समदं खरं. पण हाक कुठाय? हाकेबिगर कसं जेवू?”

सिलासने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्याकडे ती हाक नव्हती. इतक्या सगळ्या माणसांत वाटला गेलेला एवढा मोठा बाप्या, आणि आईला एक हाक मारायला त्याच्यापाशी आवाज नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तेव्हा मार्थाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

“आये,” त्या म्हणाल्या.

चार वर्षांच्या पोराचा आवाज होता तो, दुधाच्या दातांतून आलेला, खेळून दमून घरी आल्यासारखा. तळाचा थर.

नामीबाईंचा हात पुढे आला. त्यांनी भाकरी मोडली.

“परत म्हण,” घास चावत त्या म्हणाल्या.

“आये,” मार्थाबाई म्हणाल्या. पुढे एकेका घासाला म्हणत राहिल्या, आणि मध्ये कुणी हसलं नाही, मास्तरसुद्धा नाहीत.

सिलास एकेकापुढे जाऊन हात जोडू लागला. “देव तुमचं भलं करो,” पाळकांना म्हणाला. मास्तरांना म्हणाला. मार्थाबाईंपुढे तो नुसता हुंदका देऊन उभा राहिला. मार्थाबाई म्हणाल्या, “पुरे आता, मिशा भिजल्या.” हा त्यांचा स्वतःचा आवाज होता.

नामीबाईंचा घास थांबला. “सत्त्वशीले, अजून हाईस का तू?” त्या सिलासच्या दिशेने म्हणाल्या. “रडू नगं बाई. तूच सांगितलं व्हतंस मला, पोरगा झाला म्हणून. बघ की आता. अंगणभर झालाय.”

“हो, नामीबाई,” सिलास म्हणाला. “पाहतेय.”

“मग हिलाबी वाढा रे. सणाचं कुणी उपाशी जाऊ नये.”

पाळकांनी पान मांडलं. सिलास आईच्या शेजारी बसला. लोणचं मार्थाबाईंनी वाढलं, आधी स्वतः चाखून.