रंगनाथअण्णांची तहकूब सभा

रात्री गल्लीत एखादं कुत्रं भुंकलं की आमच्या समोरचे रंगनाथअण्णा गॅलरीत येतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "सूचक कोण?" लांबून दुसरं कुत्रं भुंकलं की म्हणतात, "अनुमोदन आलं. विषय मंजूर. आता गप पडा." कुत्री गप्प पडत नाहीत. पण कुत्र्यांनी न उठवलेली माणसं तोवर अण्णांनी उठवलेली असतात.

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारलंत ना, "आजी, तुझ्या मागे कोण भाषण करतंय?" ते हेच. तुमची दुपार ती आमची मध्यरात्र. बीडच्या मध्यरात्रीबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेत वाढले. दहाला दिवा बंद, आणि सभ्य माणसाने रात्री आवाज चढवायचा नाही, हे तिथे अंगात मुरलं. मग लग्न होऊन इथे आले. इथे लोक दिवसा बोलतात आणि रात्री ओरडतात. मोठ्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात. प्रत्येकाला दोन ट्रॉल्या आणि प्रत्येकावर गाणी लावलेली. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून ती लावतात, असं सांगतात. म्हणजे एकाने जागं राहायचं म्हणून सगळ्या शहराने जागायचं. दुष्काळात ऊस निम्मा झाला, गाणी मात्र तेवढीच राहिली. शिवाय लग्नाच्या वराती. शिवाय भावी नगरसेवकांचे वाढदिवस, जे रात्री बाराच्या ठोक्याला भर चौकात साजरे केल्याशिवाय वय वाढत नाही.

या सगळ्याविरुद्ध गल्लीत एकच माणूस उभा राहतो. दुर्दैवाने त्याचा आवाज सगळ्यांत मोठा आहे.

अण्णा नेकनूरकडच्या एका विकास सोसायटीचे सेक्रेटरी होते. निवृत्त झाले, बीडला घर बांधलं, पण सोसायटी त्यांच्या बोलण्यातून गेली नाही. भाजीवालीने भाव सांगितला की "दर नामंजूर". पाहुणा न सांगता आला की "ऐनवेळचा विषय". जेवण झालं की "सभा बरखास्त". कोणत्याही वेळी दिसले तरी अंगात सफारीचा शर्ट आणि खिशाला पेन. रात्री गॅलरीत येतात तेव्हा वर तोच शर्ट असतो आणि खाली पट्टेरी चड्डी. मला ते "बाई" म्हणतात, कारण मी इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यांच्या पत्नी गयाबाई. त्या गेल्या काही वर्षांत फारशा दिसल्या नव्हत्या. कोणी चौकशी केली तर अण्णा दारात आडवे उभे राहून सांगत, "तब्येत नरमगरम." आत या, असं त्यांनी कधी कोणाला म्हटलं नाही.

एकदा चौकातल्या वाढदिवसाला ते बॅटरी घेऊन गेले. मोटरसायकलच्या सीटवर केक, भोवती पोरं, फटाक्यांची माळ. अण्णांनी बॅटरीने माणसं मोजली आणि जाहीर केलं, "किमान गणसंख्या पूर्ण नाही. सभा तहकूब."

पोरांतला एक जण दूध संघात कामाला होता. तो म्हणाला, "अण्णा, तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरती. तिला गणसंख्या लागत न्हाई."

नियम खरा होता. अण्णांना तो मोडता येईना. ते घरी आले, आणि अर्ध्या तासाने सभा त्याच जागी, जास्त फटाक्यांसह भरली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, पोलिसांत जायचं होतं." तर म्हणाले, "बाई, पोरगं कायद्यानं बोललं. नाविलाज."

यंदाच्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले आणि टँकर सुरू झाला. दिवसा तो खेड्यांना जाई, आमच्या वाट्याला रात्र आली. टँकरचा ड्रायव्हर शब्बीरभाई, भला माणूस, पण त्याचा हॉर्न आगगाडीला शोभेल असा. हॉर्न वाजला की गल्लीतली सगळी दारं एकदम उघडत, हंडे, घागरी, पत्र्याचे डबे फरशीवर आदळत, आणि पाण्याच्या आधी भांडणं वाहू लागत. त्यात पहिला नंबर शेजारच्या सुमनचा. तिची जीभ अशी की ऐकणाऱ्याचं पाणी परत टँकरमध्ये जावं.

पाणी मलाही हवं होतं. पण हंडा घासल्याशिवाय, आदळल्याशिवाय आणि त्याच्यावरून कुणाच्या माहेराचा उद्धार केल्याशिवाय भरता येत नाही का, हा माझा प्रश्न होता. अण्णांचाही तोच. त्यांनी माझ्याच ओट्यावर गल्लीची सभा बोलावली आणि मला न विचारता मला अध्यक्ष केलं.

"विषय क्रमांक एक," अण्णा म्हणाले. "टँकरनं हॉर्न वाजवायचा नाही. लाइटची उघडझाप करायची. विषय क्रमांक दोन, भांडी गोणपाटावर ठेवायची. विषय क्रमांक तीन, बोलायचं ते हळू."

"मंग आमाला कळंल कसं टँकर आला ते?" सुमनने विचारलं.

"मी जागा असतो. दारं मी वाजवीन. ही माझी जबाबदारी."

"आन् तुमीच झोपलाव तर?"

"सेक्रेटरी झोपत नसतो," अण्णा म्हणाले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सुमन विरोधात होती, पण अण्णांच्या सर्वानुमतात एखादी सुमन बसते.

काही रात्री तो प्रकार चालला. अण्णा चपला हातात घेऊन दारोदार जात आणि बोटाच्या पेराने टकटक करत. भांडणं चालूच राहिली, फक्त कुजबुजत. तुम्ही कुजबुजतं भांडण ऐकलेलं नाही. "तुज्या हंड्याला आग लागो," हे सुमन जेव्हा कानाशी येऊन हळूच म्हणते, तेव्हा ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. तरी मी खूश होते.

मग एका रात्री मी सलग झोपले. सगळी गल्लीच झोपली. सकाळी उठून पाहते तर हंडे होते तसे कोरडे. शब्बीरभाई आला होता, त्याने लाइटची उघडझाप केली, वाट पाहिली, आणि पाणी पुढच्या गल्लीला देऊन निघून गेला. हॉर्न वाजवायचा नाही, हा ठराव त्याने इमानाने पाळला. अण्णांनी एकही दार वाजवलं नव्हतं.

सुमन रिकामी घागर घेऊन अण्णांच्या दारासमोर उभी राहिली. आता ती कुजबुजत नव्हती. "कावून ओ सेक्रेटरी, लेकरांना काय पाजू? तुमचा ठराव पाजू? लई आले शांततावाले. आज रातीपासनं हॉर्न वाजलाच पायजे."

सगळी गल्ली तिच्या बाजूने होती. अण्णांचं दार उघडलं नाही. मला सुमनपेक्षा जास्त संताप आला होता, कारण अध्यक्ष मी होते. मी रस्ता ओलांडला आणि दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं.

समोरच्या खोलीत गोधडीत बांधलेली भांडी होती. पत्र्याची पेटी, दोरीने आवळलेलं अंथरुण, पिठाचा डबा, वर उलटी ठेवलेली कढई. आज कोणीतरी गाव सोडून निघणार असावं, असं सगळं. त्या गठुड्यावर गयाबाई बसल्या होत्या. पायात चपला, पदर खोचलेला, आणि एका मुठीत अण्णांच्या सफारीचं टोक. अण्णा त्यांच्याशेजारी जमिनीवर. रात्रभर तसेच बसलेले दिसत होते.

गयाबाईंनी मला पाहिलं. "तुमी बी येताव का?" त्यांनी विचारलं. "गाडी आलती. ह्ये उठंनात."

अण्णांनी मान खाली घातली. मग बोलले ते सोसायटीचं मराठी नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांचं हे बोलणं ऐकलंच नव्हतं.

"बाई, लगीन झालं तवा आमी ऊसतोडीला जायचो. मी मॅट्रिक झालतो, पर नोकरी कुठं होती? नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. तसा आमचा एक कोयता. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, रातचीच. हॉर्न वाजला की उठायचं, भांडी बांधायची, चढायचं. एक वरीस पोरगी तापली होती. तिला म्हातारीपाशी ठिवली. ती झोपली व्हती, ही म्हणली उठवून भेटते, मी म्हणलं रडंल, चल. गेलतो तसंच. पाडव्याला परत आलो तर पोरगी हिला ओळखंना. म्हातारीच्या मागं लपली."

पोरगी आता पुण्याला आहे. तिला स्वतःची पोरं आहेत, दर महिन्याला येऊन जाते. गयाबाई तिला ओळखत नाहीत. हे अण्णांनी सांगितलं नाही, मला नंतर दिसलं.

"आता हिला मागचं पुढचं राह्यलं न्हाई. हॉर्न ऐकला, हंडे वाजले, की उठती. गाडी आली म्हणती. आवराआवर करती आन् पोरीला उठवाया रस्त्यावर पळती. दोनदा मोठ्या रस्त्यावरून आणली, ट्रॅक्टरच्या उजेडातून. म्हणून म्हणलं, हॉर्न बंद. काल हॉर्न न्हवता, तर टँकर आमच्या दारापुढंच थांबला, लाइट आली खिडकीतनं. हिनं शर्ट धरला. मी उठून दारं वाजवाया गेलो असतो तर ही मागं आली असती."

"अण्णा, हे गल्लीला सांगायला काय झालं होतं?"

ते क्षणभर पुन्हा सेक्रेटरी झाले. "घरचा विषय पत्रिकेवर घेत नसतात, बाई."

मुलांनो, मला त्यांचा भयंकर राग आला. कुत्र्यांशी, वरातीशी, सगळ्या बीडशी भांडणारा माणूस, आणि शेजाऱ्याला एक वाक्य सांगत नाही. मी त्यांना तसं सुनावलं. गयाबाई मध्येच म्हणाल्या, "वरडू नका. पोरगी निजलीय." मग मी आवाज खाली घेतला.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर सभा झाली. अण्णा आले नाहीत. सगळे हॉर्न मागायला आले होते आणि शब्बीरभाईही वाट वाकडी करून आला होता. मी सांगितलं, हॉर्न वाजणार नाही. टँकर कोपऱ्यावर, दिवे बंद करून थांबेल. शब्बीरभाई माझ्या खिडकीची काच वाजवेल आणि दारं मी वाजवीन.

"पन कावून?" सुमन म्हणाली. "एका मानसाच्या झोपंसाठी?"

"अध्यक्षाला निर्णायक मत असतं," मी म्हटलं. "ते मी दिलं."

"हे कुटलं मत? आमी सगळे एकीकडं हाव."

"म्हणूनच त्याला निर्णायक म्हणतात." हे नियमाला धरून नव्हतं. मतं समसमान पडली तरच अध्यक्षाचं मत चालतं, हे मला अण्णांनीच कधीतरी सांगितलं होतं. सुदैवाने दूध संघाचा मुलगा सभेला नव्हता.

शब्बीरभाई म्हणाला, "मॅडम बोले तो बत्ती बंद. मेरेकू क्या." सुमन मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने समोरच्या घराकडे पाहिलं. दार लोटलेलंच होतं आणि फटीतून ते गठुडं दिसत होतं. सुमनचं माहेर केजकडे. तिथली घरंच्या घरं तोडीला जातात, असं गठुडं तिने लहानपणापासून पाहिलेलं. ती उठली. घागर उचलून निघून गेली.

त्या रात्री सुमनची घागर जुन्या लुगड्यात गुंडाळून आली. दुसऱ्या रात्री सगळ्यांचीच भांडी तशी आली. कुणी ठराव केला नव्हता.

पाणी भरून झालं. टँकर दिवे न लावता, इंजिन बंद ठेवून उतारावरून घरंगळत गेला आणि मोठा रस्ता लागल्यावर त्याचं इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. मी माझा शेवटचा हंडा उचलायला वाकले तेव्हा अण्णांच्या खिडकीतून बोलणं आलं.

"गाडी गेली का ओ?"

"गेली."

"मंग आपुन?"

"मुकादम म्हणला, चल एकटा. मी न्हाई गेलो. अर्ध्या कोयत्यानं काय ऊस तुटतोय? नीज तू."

मी हंडा आत नेऊन ठेवला. तुमचे आजोबा होते तेव्हा हंड्याचा एक कान ते धरत. परत दाराशी आले तर कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं. पलीकडच्या गल्लीतून दुसरं भुंकलं. मी समोरच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे कोणी आलं नाही. सूचकही नाही, अनुमोदकही नाही.

मी पायरीवर उतरले आणि त्या कुत्र्याला हळूच म्हटलं, "सभा तहकूब."

ते खरोखर बसलं. पण तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. मी आतून खुर्ची आणली आणि दारात बसून राहिले.