हिरवं सांबार

"आई, तू घोर करू नको! पाहुणचार माझ्याकडं लागला!" मी छाती ठोकून सांगितलं.

माझ्या धाकट्या बहिणीला, तारामतीला पाहायला हदगावची मंडळी येणार होती. आमच्या लातूरचा वेगळा जिल्हा झाला होता, पण पावसाला ते कुणी कळवलंच नव्हतं! दुष्काळापायी आधीचं एक स्थळ ठरता ठरता फिरलेलं. हेही फिरलं तर? आईला घास जाईना.

मध्यस्थ रेवणप्पा म्हणाले, "मुलाचा बाप धोंडप्पा तापट हाय, पण खाण्याचे लाड न्हाईत. पोह्यांवर सांबार पडलं की खूश!"

पोह्यांवर सांबार? असेल बुवा तिकडची तऱ्हा! मी स्टँडजवळच्या उडुपी हॉटेलातून बादलीभर सांबार आणलं.

पाहुणे आले, पोह्यांच्या बशा आल्या. धोंडप्पांनी पोह्यांकडं रोखून पाहिलं.

"सांबार न्हाई का?"

"आहे की, मामा!" मी डाव भरून ओतला. पोह्यांचं तळं झालं. त्या साली जिल्ह्यात भरलेलं तेवढं एकच! शेवग्याची शेंग उडून त्यांच्या धोतरावर बसली.

"हे काय?"

"सांबार!"

"अवो, हिरवं सांबार!"

"हिरवं कशानं होईल? ताजं आहे!"

धोंडप्पा लालबुंद. आईचं माहेर कानडी सीमेलगतच्या उदगीरचं. ती मला मोठ्यानं म्हणाली, "अरे बाबा, ते कोत्तंबरी मागायलेत!"

कोथिंबीर! अख्ख्या बाजारात तिची काडी नव्हती!

"कोत्तंबरी न्हाई, सांबारच!" धोंडप्पा गरजले. "संभार म्हंजे मसाला, त्यावरून नाव पडलंय!"

"आमच्यात कोत्तंबरीच खरं!" आईही पेटली.

मी घाईनं मधे पडलो. "भांडू नका! मूळ संस्कृत नाव कुस्तुंबरी!"

"कुस्ती बरी? माझ्यासंगं?" धोंडप्पा बाह्या सारत उठले. त्यांना कमी ऐकू येतं, हे रेवणप्पांनी सांगितलंच नव्हतं!

गेलं स्थळ! चहा घेऊन आलेली तारामती दारातच थिजली. तिचे डोळे भरले.

तेवढ्यात "सुर्रर्र!" असा आवाज आला. नवरदेव मन्मथनं बशी तोंडाला लावली होती!

"आबा, बसा. लई बेस लागतंय." मग तारामतीला म्हणाला, "तुमी केलं का?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण!

"न्हाई," ती ठणकावून म्हणाली, "हॉटेलातलं हाय."

मी डोळे मिटून घेतले. उघडले, तर धोंडप्पा खाली बसून बशी चाटत होते!

"पोरगी खरं बोलती. पसंत हाय!" ते आईला म्हणाले, मग माझ्याकडं बोट केलं. "फकस्त लग्नात ह्यांच्या हाती डाव देऊ नका."

"हाव!" आई मान डोलावत म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही!