घरातच भरती

आर्सेनियोने सकाळपासून तिलोच्या पाल्याचा काढा चार वेळा ढोसला होता. हा काढा जीव शांत करतो, रक्तदाबही उतरवतो, आणि आज डॉक्टर यामिलेत वर्षाच्या तपासणीला घरी येणार होती. मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस तिच्या वहीत कुठल्यातरी गटात बसवलेला असे. ठणठणीत तो पहिल्या, जपून राहायला हवं तो दुसऱ्या, आजारी तो तिसऱ्या. शेजारच्या निवाल्दाने तिसऱ्या गटातले दोन नवरे पोचवले होते. "आता केलाच, तर पहिल्या गटातला करीन," असं तिने पावाच्या रांगेत चारचौघांत सांगून टाकलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी आर्सेनियोला पहिला गट हवा होता तो एवढ्यासाठी.

यामिलेतने दंडाला पट्टा गुंडाळला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, दाब शंभरच्याही खाली? चक्कर येते का?"

"छे, तरंगल्यासारखं वाटतंय. छान वाटतंय."

हे "छान" तिला मुळीच आवडलं नाही. तिने चिठ्ठी देऊन त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे वार विचारला, तर तो म्हणाला, "रविवारच असणार, इतकं निवांत आहे." मंगळवार होता. तिथून त्याची रवानगी इस्पितळात झाली. छताचा पंखा मंद फिरत होता, आणि त्या वाऱ्यात आर्सेनियोला समुद्र दिसत होता, किनाऱ्यावर निवाल्दा, तिचा पिवळा झगा. काढ्याचं सांगावं असं मनात आलं, पण हसं झालं असतं.

इस्पितळाला काही सापडलं नाही. कागद उलट्या वाटेने खाली आला: सात दिवस घरातच भरती, डॉक्टरची रोज फेरी, मोहल्ल्यातल्या आरोग्यसेविकेने लक्ष ठेवावं. ती सेविका म्हणजे निवाल्दा.

"पडून राहा. तोंड बंद," ती म्हणाली, आणि रोज खुर्ची ओढून मनगट धरून बसू लागली. दुपारी ती काळ्या घेवड्याचं सार ढवळायला आत जाई. तिची गुणगुण ऐकत आर्सेनियो डुलक्या घेई. असा सुखाचा आजार त्याला आयुष्यात झाला नव्हता.

सातव्या दिवशी यामिलेतने तक्ता पाहिला. "मी एकटी असताना मोजली की नाडी सत्तर. निवाल्दाताई, तुम्ही मोजली की एकशे दहा. वहीत काय लिहू? एकशे दहा लिहिले तर काका पहिल्या गटातून जातात."

आर्सेनियोने डोळे मिटून घेतले.

"मी स्वयंपाकघरात असतानाची लिहा," निवाल्दा म्हणाली. "दुसरी नाडी सरकारची नाही, माझी आहे."